कोप्रिवश्तित्साची घरं, आणि ती कुणाच्या पैशावर उभी आहेत

सांगलीत बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे घर दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न पैशाचा येतो. कुणी बांधलं, कशाच्या जिवावर बांधलं, फेडलं कसं. "काय सुंदर आहे" वगैरे नंतर. या सवयीचा आमच्या ह्यांना भयंकर वैताग. ताजमहालासमोर उभी राहूनही मी मजुरीचा हिशोब काढत होते, हे ते पाहुण्यांना अजून रंगवून सांगतात.

लेक सोफियात नोकरीला आहे, म्हणून बल्गेरियात आमचं जाणं-येणं. या वेळी तिनं आम्हाला कोप्रिवश्तित्साला नेलं. सोफियाच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा डोंगरात, हजार मीटरहून थोड्या जास्त उंचीवर हे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. रेल्वेनं गेलात तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: कोप्रिवश्तित्सा नावाचं स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे. गाडीला जोडून एक छोटी बस असते, ती पकडायची. नाहीतर पाय आणि आपण.

गावाच्या मधून तोपोल्नित्सा नदी जाते. नदी म्हणायचं ते आदरानं, पावसाळ्यातला आपला मोठा ओढा याहून रुंद असतो. दोन्ही बाजूंना चढण, चढणीवर दगडी फरसबंदीच्या गल्ल्या आणि गल्ल्यांच्या दुतर्फा उंच दगडी भिंती. भिंतींवरसुद्धा कौलं घातलेली. मधेच भलंमोठं लाकडी दार. दार बंद असेल तर आत काय आहे त्याचा काही पत्ता लागत नाही. उघडं असेल तर एकदम हिरवं अंगण, आणि अंगणापलीकडे निळं, तांबडं किंवा पिवळं दुमजली घर. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, खाली लाकडी खांब. गल्लीला पाठ आणि अंगणाला तोंड, अशी सगळी रचना.

या भिंती हौसेच्या नाहीत. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तुर्की साम्राज्याची पकड सैल झाली होती आणि कर्जाली नावाच्या लुटारू टोळ्या मुलूखभर फिरत होत्या. साधारण त्याच वर्षांत आपल्याकडे पेंढारी जे करत होते तेच हे तिकडे करत होते. त्यांनी हे गाव एकापेक्षा जास्त वेळा लुटलं आणि जाळलं. आज जी घरं बघायला लोक येतात ती त्या राखेवर नव्यानं उभी राहिलेली, बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. आधी जळलेल्या माणसांनी बांधलेली घरं आहेत, म्हणून भिंती एवढ्या उंच.

आता पैसा. डोंगरातल्या एका खेड्याकडे एवढा पैसा आला कुठून? जमीन बघितली तर शेती फारशी पिकेल असं वाटत नाही. उत्तर आहे मेंढ्या. इथले लोक मेंढ्यांचे कळप राखायचे, विकत घ्यायचे आणि हाकत हाकत इस्तंबूलपर्यंत न्यायचे. राजधानीला मटण पुरवणं हा मोठा व्यापार होता. त्याहून मोठी कमाई मेंढ्यांवरच्या करात होती. हा कर सरकार स्वतः गोळा करत नसे, वसुलीचा मक्ता देत असे. मक्तेदारानं ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची आणि मग गावोगाव फिरून मेंढ्या मोजत वसुली करायची. वर जे राहील ते त्याचं. कोप्रिवश्तित्साची माणसं या धंद्यात मुरलेली होती. मक्त्याच्या धंद्यात कुणाचं भलं होतं आणि कुणाचं कातडं सोललं जातं, हे मी बँकवाली तुम्हाला वेगळं सांगायला नको. जोडीला लोकरीचं जाडं कापड, त्याचे शिवलेले कपडे, आणि हा माल घेऊन इस्तंबूलपासून थेट इजिप्तपर्यंत जाणारे व्यापारी. म्हणजे तुर्की सत्तेखाली भरडलेलं गाव असं जे चित्र आपण मनाशी धरून येतो, ते इथे अर्धंच लागू पडतं. हे गाव त्या साम्राज्याच्या बाजारपेठेवरच श्रीमंत झालं होतं.

त्या पैशातून १८१७ मध्ये देवमातेचं चर्च उभं राहिलं. बाहेरून निळं, बसकं, झाडांच्या आड. अकरा दिवसांत बांधलं असं गावात सांगतात. त्याच पैशातून शाळा आली. इथेच जन्मलेला नायदेन गेरोव्ह १८४६ मध्ये रशियातून शिकून परत आला आणि त्यानं इयत्तांची, नव्या धर्तीची शाळा सुरू केली. पुढे हाच माणूस प्लॉव्हदिव्ह शहरात रशियाचा प्रतिनिधी झाला आणि त्यानं बल्गेरियन भाषेचा मोठा कोश केला. सावकारांनी पोरांना शिकवलं आणि शिकलेली पोरं बंडखोर निघाली, असा या गावाचा इतिहास एका ओळीत सांगता येईल. जगात इतरत्रही असंच होतं म्हणा.

संग्रहालय म्हणून उघडी ठेवलेली घरं सहा आहेत आणि सगळ्यांचं मिळून एक तिकीट मिळतं. काही घरं सोमवारी बंद असतात, काही मंगळवारी, तेव्हा वार बघून जा. सहाही बघायचा अट्टहास करू नका, हे माझं मत. तिसऱ्या घरानंतर ह्यांना सगळी छतं सारखी दिसायला लागली होती. पण ओस्लेकोव्हचं घर चुकवू नका.

नेन्चो ओस्लेकोव्ह कापडाचा व्यापारी. घर १८५३ ते १८५६ या काळात बांधलं. समोर तीन उंच खांब, त्यांचं लाकूड लेबनॉनहून आणलेलं. म्हणजे जहाजानं समुद्र ओलांडून आणि मग बैलगाडीनं डोंगर चढून. मी मनातल्या मनात वाहतूक खर्च मांडला आणि सोडून दिला. दर्शनी भिंतीवर आणि आतल्या दिवाणखान्यात रंगवलेली चित्रं आहेत. खांब, कमानी, फुलांच्या माळा, लांबलांबची शहरं. चित्रकार सामोकोव्ह गावचा. घर नीट निरखलं तर लक्षात येतं की ते लंगडं आहे. अशी घरं दोन्ही बाजूंनी सारखी बांधायची पद्धत होती, पण इथे जागा पुरली नाही आणि एक अंग अपुरं राहिलं. एवढा पैसा, लेबनॉनचं लाकूड, आणि शेवटी अडलं कुठे तर प्लॉटच्या हद्दीत. माझ्या टेबलावरून अशी किती प्रकरणं गेली असतील! मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

वरच्या मजल्यावर भिंतीला लागून चारी बाजूंनी बसायच्या ठेंगण्या बैठका, त्यावर लोकरीची जाड पट्ट्यापट्ट्यांची अंथरुणं. खिडक्या पुष्कळ आणि सगळ्या अंगणाकडे. खाली कामाची जागा. इथल्या शिवणकामाबद्दल तिथली बाई जे सांगत होती ते लेक भाषांतर करून सांगत होती. एका वाक्यापाशी ती थांबली. "आई, याला मारलं."

१८७६ च्या बंडाची तयारी चालू होती तेव्हा या ओस्लेकोव्हनं आपल्या कारखान्यात बंडखोरांचे गणवेश शिवून दिले. बंड मोडल्यावर तुर्की सरकारनं त्याला त्याबद्दल मृत्युदंड दिला. घर बांधून पुरी वीस वर्षंच झाली होती. घरात राहायला गडीमाणसं, तिजोरीत पैसा, इस्तंबूलशी व्यापार, आणि हा माणूस गणवेश शिवत बसला. कर्जाचा अर्ज असता तर मी शेरा मारला असता: जोखीम अवाजवी.

बंडाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बल्गेरियातल्या प्रत्येक पोराला पाठ असते आणि तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. एप्रिल १८७६ मध्ये शेजारच्या पानाग्युरिश्ते गावाजवळच्या रानात, ओबोरिश्ते नावाच्या जागी, गावोगावच्या प्रतिनिधींची गुप्त बैठक झाली. उठाव, तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, मे महिन्यात करायचं ठरलं. आलेल्यांपैकी एकानं जाऊन सरकारला खबर दिली. कोप्रिवश्तित्सात उठावाचा म्होरक्या होता तोदोर काब्लेश्कोव्ह. पंचविशीतला पोरगा, गावच्याच चांगल्या घरातला, इस्तंबूलच्या नामांकित शाळेत शिकलेला, मधे बेलोव्होला स्टेशनमास्तरची नोकरी केलेला. त्याला धरायला प्लॉव्हदिव्हहून नेजिब आगा शिपाई घेऊन आला. काब्लेश्कोव्हनं ठरलेल्या तारखेची वाट बघितली नाही. २० एप्रिलला, म्हणजे आजच्या कॅलेंडरप्रमाणे २ मे रोजी, त्यानं सरकारी कचेरीवरच हल्ला केला.

पहिली गोळी सुटली ती गावातल्या एका छोट्या दगडी पुलापाशी. गेओर्गी तिहानेक नावाच्या माणसानं ती झाडली आणि एक तुर्की माणूस पडला. पूल अजून आहे. एका कमानीचा, इतका लहान की दहा-बारा पावलांत ओलांडून होतो. त्याचं नाव आता "पहिल्या बंदुकीचा पूल" असंच आहे. त्याच दिवशी काब्लेश्कोव्हनं पानाग्युरिश्तेच्या साथीदारांना चिठ्ठी लिहिली, की आम्ही सुरुवात केली आहे, तुम्हीही उठा. आणि खाली मेलेल्या माणसाच्या रक्तानं क्रूस काढला. बल्गेरियाच्या इतिहासात ती "रक्ताची चिठ्ठी" म्हणून ओळखली जाते. मला स्वतःला ही चिठ्ठी जड जाते. पडलेला माणूस कोण होता, त्याच्या घरी कोण होतं, याबद्दल मला तिथे कुठे काही वाचायला मिळालं नाही. ह्यांचं म्हणणं, बंडात असं चालायचंच. असेल.

बंडखोरांकडे तोफा नव्हत्या, म्हणून त्यांनी चेरीच्या झाडाचे बुंधे आतून कोरून, त्यांना लोखंडी पट्ट्या ठोकून तोफा केल्या. लाकडाची तोफ किती बार सोसणार? बहुतेक पहिल्या काही बारांतच तडकल्या. समोर साम्राज्याची फौज आणि सोबत बाशीबुझुक, म्हणजे पगाराऐवजी लुटीवर जगणारी बेशिस्त माणसं. निकाल काय लागणार ते उघड होतं.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट.

पानाग्युरिश्ते जळलं. पलीकडचं क्लिसुरा जळलं. रोडोपी डोंगरातल्या बाताकमध्ये तर हजारो माणसं कापली गेली, चर्चमध्ये लपलेली बायकापोरंसुद्धा. मग कोप्रिवश्तित्सा कसं राहिलं? जिथे पहिली गोळी सुटली ते गाव तर सगळ्यात आधी बेचिराख व्हायला हवं होतं.

राहिलं ते सावकारांमुळे. बंड फसतंय असं दिसताच गावातल्या पैसेवाल्या पुढाऱ्यांनी आपल्याच गावच्या बंडखोरांना धरलं, कोंडलं आणि तुर्की बाजूशी बोलणी लावली. बाशीबुझुकांना पैसे मोजले. गाव वाचलं, घरं वाचली. लेबनॉनचे खांब, रंगवलेल्या कमानी, निळं चर्च, सगळं त्या पैशानं वाचलं. काब्लेश्कोव्ह निसटून डोंगरात गेला, पुढे पकडला गेला, त्याचे हाल केले गेले आणि शेवटी जूनमध्ये गाब्रोव्होच्या कोठडीत त्यानं पहाऱ्यावरच्या शिपायाचं पिस्तूल मिळवून स्वतःला गोळी घातली. इथलाच दुसरा, गेओर्गी बेन्कोव्स्की, घोडेस्वारांची तुकडी घेऊन फिरत राहिला आणि मे महिन्यात तेतेव्हेनच्या डोंगरात मारला गेला. त्याचं खरं नाव गाव्रिल ह्लातेव्ह. बेन्कोव्स्की हे नाव एका पोलिश माणसाच्या पासपोर्टवरून घेतलेलं. गावाच्या वर टेकडीवर त्याचा घोड्यावरचा दगडी पुतळा आहे, तिथवर चढून गेलात तर सगळं गाव खाली दिसतं. काब्लेश्कोव्हचं घर संग्रहालय आहे. गावाच्या मधोमध बंडातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे.

ज्यांनी पैसे मोजले त्यांची पाटी मला कुठे दिसली नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. रात्री जेवायला त्यांनी पानाग्युरिश्तेची अंडी केली होती. हा पदार्थ शेजारच्या त्या जळलेल्या गावाच्या नावानं बल्गेरियाभर मिळतो. खोलगट ताटलीत लसूण घातलेलं घट्ट दही आणि खारट पांढरं चीज, त्यावर पाण्यात सोडून शिजवलेली अंडी, बलक पातळच ठेवायचा. आणि वरून गरम लोण्यात लाल मिरचीपूड टाकून केलेली चक्क फोडणी! ती ओतल्याबरोबर चर्र आवाज झाला आणि ह्यांनी पहिल्यांदा त्या दिवशी मान वर करून बघितलं. मिरची नावालाच, तिखटपणा शून्य, रंग मात्र आपल्या कोल्हापुरी रश्श्याला लाजवील असा. पावाचा तुकडा बलकात, दह्यात आणि त्या तांबड्या लोण्यात एकदम बुडवून खायचा. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवताना मी लेकीमार्फत त्यांना विचारलं, त्या सावकारांबद्दल गावात काय म्हणतात? बाईंनी खांदे उडवले. शाळेत आम्हाला शिकवलं की ते देशद्रोही, म्हणाल्या. तुर्कांचे मिंधे, पैशाचे लोभी. आणि मग हातातला पाव खोलीभर फिरवून छत, भिंती, खिडक्या दाखवल्या आणि म्हणाल्या, पण मी राहते कुठे?

यावरून आमचं झोपेपर्यंत भांडण. ह्यांचं म्हणणं असं, की बाकीची गावं जळली म्हणून तर जग हललं. आणि त्यात तथ्य आहे. बाताकच्या कत्तलीची बातमी जॅन्युअॅरियस मॅकगॅहन या अमेरिकन बातमीदारानं लंडनच्या वर्तमानपत्रात छापली, इंग्लंडचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यावर पुस्तिका काढली, इंग्लंडमध्ये गदारोळ उठला आणि तुर्कांची पाठराखण करणं ब्रिटिश सरकारला अवघड होऊन बसलं. पुढच्याच वर्षी रशियानं युद्ध पुकारलं आणि १८७८ मध्ये बल्गेरिया मोकळा झाला. सगळ्यांनीच पैसे भरून घरं वाचवली असती तर काय झालं असतं, हा ह्यांचा प्रश्न. माझा प्रश्न साधा: ज्या आईचं मूल त्या रात्री घरात झोपलेलं होतं तिनं काय करावं? तिनं जगाला हलवण्यासाठी घर जाळू द्यावं? लेक म्हणाली, तुम्ही दोघं दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांवरून भांडताय, दिवा मालवा.

मला सावकारांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. त्यांनी आपल्याच पोरांना बांधून दिलं, हे विसरण्यासारखं नाही. आणि जे वाचवलं त्यात स्वतःची मालमत्ता पहिली होती, यातही शंका नाही. पण ओस्लेकोव्हही श्रीमंतच होता, त्यानं गणवेश शिवले. म्हणजे "सावकार वाईट, बंडखोर चांगले" ही सरळ वाटणी या गावात कुठल्याच गल्लीत टिकत नाही. तिकीट घेऊन आम्ही बघतो ती घरं एका पक्षाची आणि गोष्टी दुसऱ्या पक्षाच्या. एक पाटी दोघांची लावायला काय हरकत आहे?

घरं टिकण्याचं दुसरं कारण तर आणखी गमतीचं. स्वातंत्र्य मिळालं आणि गावाचा धंदा बसला. मेंढ्यांचा मक्ता गेला, इस्तंबूलची बाजारपेठ आता सरहद्दीपलीकडे. हुशार आणि पैसेवाली माणसं सोफियाला, प्लॉव्हदिव्हला निघून गेली. ल्युबेन काराव्हेलोव्ह लेखक आणि क्रांतिकारक, त्यानं बुखारेस्टमधून वर्तमानपत्रं काढली. त्याचं छपाईचं यंत्र इथल्या घरात ठेवलेलं आहे, पण तो स्वतः १८७९ मध्ये रुसे शहरात वारला. त्याचा धाकटा भाऊ पेत्को देशाचा पंतप्रधान झाला, तोही राजधानीतच. गावात उरलेल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसा नव्हता. म्हणून जुनं राहिलं. पुण्यातले वाडे पडले ते गरिबीमुळे नाही, जागेला भाव आला म्हणून. इथे भावच आला नाही. १९५२ मध्ये सरकारनं गावालाच संग्रहालय जाहीर केलं आणि मग पाडायची सोयच उरली नाही.

या पडत्या काळातही एक नवा पैसा आला, दुधाचा. इस्तंबूलच्या बाजूला दूधदुभत्याच्या धंद्यात पडलेल्या लोकांपैकी ल्युतोव्ह नावाच्या व्यापाऱ्यानं १९०६ मध्ये तोपालोव्ह कुटुंबाचं १८५४ चं घर विकत घेतलं. ते आता ल्युतोव्हचं घर म्हणूनच ओळखलं जातं. माझ्या मते सगळ्यात डौलदार घर हेच. तळघरात इथल्या बायका करत त्या लोकरी जाजमांचं प्रदर्शन आहे. लोकर विंचरून थर देत पसरायची, गरम पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि ती लाटत, दाबत राहायची, तंतू एकमेकांत घट्ट बसेपर्यंत. माग नाही, विणकाम नाही. नक्षीसुद्धा रंगीत लोकरीची, आतच दाबून बसवलेली. मी काच नसलेल्या एका तुकड्याला हळूच बोट लावलं. बोटभर जाड, कडक आणि कोपऱ्यात किंचित मेंढीचा वास. वरच्या मजल्यावर व्हिएन्नाचं फर्निचर आणि खाली हे. घरमालक कुठून वर आला ते घरानंच सांगितलं.

दिम्चो देबेल्यानोव्हच्या घराबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही, कारण बल्गेरियन माणसं इथे मुख्यतः त्याच्यासाठी येतात. कवी. १८८७ चा जन्म. वडील गेल्यावर कुटुंब प्लॉव्हदिव्हला गेलं, नंतर सोफियाला. तिथे हवामान खात्याच्या कचेरीत कारकुनी केली. बापाच्या घरी संध्याकाळी परत यावं, आईनं उंबऱ्यावर भेटावं, अशी त्याची एक कविता आहे आणि ती इथल्या लोकांना तोंडपाठ. पहिल्या महायुद्धात तो स्वतःहून आघाडीवर गेला आणि २ ऑक्टोबर १९१६ रोजी, आज ग्रीसमध्ये असलेल्या भागात, मारला गेला. वय २९. तिकडे पुरलेल्या अस्थी १९३१ मध्ये गावात आणल्या. कबरीवर शिल्पकार इव्हान लाझारोव्हनं केलेली आई बसलेली आहे. गुडघे जवळ घेतलेले, गालाला हात, नजर वाटेवर. शाळकरी पोरांचा घोळका तिथे आला होता. त्यातल्या एका मुलीनं न विचारता सगळी कविता म्हणून टाकली आणि बाई म्हणाल्या, चला, बसला उशीर होतोय.

गल्ल्यांतून हिंडताना एक गोष्ट मला सारखी थांबवत होती. दारांवर, विजेच्या खांबांवर, दुकानांच्या काचांवर चिकटवलेले कागद. फोटो, नाव, क्रूस आणि चार ओळी. आधी वाटलं निवडणूक आहे. ते मृत्यूचे कागद. माणूस गेल्यावर लावतात, मग चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढेही कित्येक वर्षं पुन्हा नवे. आपल्याकडे पेपरात "पुण्यस्मरण" येतं ते इथे दारावर असतं. काही दारं अशी, की कागद सोळा वर्षांपूर्वीच्या मृत्यूचा आणि कुलूप त्याहून जुनं. आत कुणी राहत नाही. बंद घरांचा हिशोब संग्रहालयाच्या तिकिटात येत नाही, तो या कागदांवर वाचावा लागतो.

वर्षातून काही दिवस मात्र गाव भरतं. मेच्या सुरुवातीला बंडाचा प्रसंग जुने कपडे घालून, खोटे बार काढून पुन्हा उभा करतात. आणि सहसा पाच वर्षांनी एकदा वरच्या कुरणांवर लोकसंगीताचा मोठा मेळा भरतो, १९६५ पासून. देशभरातून हजारो गाणारी-नाचणारी माणसं येतात आणि बहुतेक हौशी, खेड्यापाड्यातली. २०१६ मध्ये युनेस्कोनंही त्याची दखल घेतली. आम्हाला तो योग नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, बरंच झालं, तेव्हा संडासाला रांग असते.

निघायच्या सकाळी त्या छतावरच्या कौलांकडे बघत उभ्या होत्या. पावसाचं पाणी एका कोपऱ्यातून आत यायला लागलंय. घर संरक्षित यादीत, त्यामुळे कौलं बदलायची तर परवानगी हवी, कौल जुन्या पद्धतीचंच हवं, खिडकी लाकडाचीच हवी, रंगसुद्धा विचारून. खर्च मात्र मालकाचा. मुलगा जर्मनीत ट्रक चालवतो. तो म्हणतो विकून टाक. गिऱ्हाईक येतं ते सोफियाचं, शनिवार-रविवारसाठी घर हवं असलेलं, आणि कौलांचा अंदाज ऐकून जातं.

मी लेकीला सांगितलं, विचार त्यांना, बँकेकडे गेल्या होत्या का. गेल्या होत्या. वय बघून आणि घराच्या अटी बघून नको म्हणाले. मी तिथल्या टेबलापलीकडे बसले असते तर मीही नको म्हटलं असतं, हे मला ठाऊक आहे, म्हणून गप्प राहिले. ह्यांनी खोलीच्या भाड्याबरोबर थोडे जास्त पैसे ठेवले. बाईंनी ते मोजले, जास्तीचे परत केले, आणि त्या ऐवजी लेकीला बजावलं की ऑफिसातल्या मैत्रिणींना आमच्याकडेच पाठव, जेवणासकट.